कोपरं पुढे, श्वास धरा

१

नथूच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढी पोकळी होती. एक्स-रेत ती लख्ख दिसत होती. आणि ज्याच्या नावावर तो एक्स-रे होता तो नथू पौडच्या दवाखान्यात डॉक्टर मेधांसमोर बसून, एकदाही न खोकता, तावातावानं भांडत होता.

"आवं, मला साधं पडसं बी न्हाई. भात झोडायचं टाकून आलोय. माणसं खोळंबल्यात माजी."

त्याची थुंकी तपासून झाली होती, तिच्यात काही निघालं नव्हतं. दुसरा एक्स-रे काढला, तर छाती धुतलेल्या पाटीसारखी साफ. तेव्हा मेधांनी नलिनीबाईंना आत बोलावलं.

नलिनीबाई टीबीचे रोगी शोधणाऱ्या एका संस्थेच्या एक्स-रे तंत्रज्ञ. गाडीत मशीन घालून मुळशी तालुक्यातली गावं पालथी घालायची, शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओट्यावर मशीन उभं करायचं, रांगेतल्या माणसांच्या छातीचे एक्स-रे काढायचे, संध्याकाळी सगळं उचलून परत यायचं, हे काम करता करता त्यांचे केस पिकले. शिशाचा जड कोट वागवून खांदे वाकले. निवृत्ती जवळ आली होती आणि ती कधी एकदा येते असं त्यांना झालं होतं. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. कुणी रस्त्यात हसून नमस्कार केला की त्यांना वाटायचं, याच्या छातीचा एक्स-रे दाखवला असता तर ओळखलं असतं.

मेधा वयानं लहान, पण समजूतदार. त्या चिडल्या नाहीत, आणि नलिनीबाईंना त्याचंच ओझं झालं. माले गावच्या शिबिरात अदलाबदल झाली असणार, असं त्या म्हणाल्या. चूक कुणाचीही होते. पण ही छाती ज्याची आहे तो माणूस आज कुठंतरी मोकळा फिरतोय, घरात, एसटीत, चहाच्या टपरीवर खोकतोय. त्याच्या घरात तान्हं मूल असलं तर?

"बाई, चूक कुणाची ते राहू दे. हा माणूस मला हवाय. लवकर."

नलिनीबाईंनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्यात नथूचं डावीकडचं गळ्याखालचं हाड वाकडं होतं. कधीतरी मोडून, तसंच जुळलेलं. विचारलं तर नथू म्हणाला, लहानपणी जांभळीवरनं पडलो व्हतो, आज्यानं पाला बांधला. पहिल्या एक्स-रेत तेच हाड सरळ होतं. म्हणजे तो एक्स-रे नथूचा नव्हता, हे उघड झालं.

पण अदलाबदल झाली असती तर नथूचं वाकडं हाड दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सापडायला हवं होतं. नलिनीबाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्या दिवशीची एकेक छाती पाहत गेल्या. डोळे चुरचुरायला लागले. तशा हाडाची छाती त्यात नव्हतीच.

नथूचा एक्स-रे त्या दिवशी निघालाच नव्हता. आणि जो निघाला होता त्याला धनी नव्हता.

२

खाली गाडीत नरहरी वाट पाहत होता. नरहरी गाडीचा चालक. पौडचाच, पन्नाशीचा, बाईंच्या बरोबर इतकी वर्षं हिंडलेला की दोघांची भांडणंसुद्धा ठरून गेली होती. त्यातलं रोजचं भांडण वायरीवरनं. नरहरी डावखुरा, मशीनच्या बटनाची लांब वायर तो संध्याकाळी उलट्या अंगानं गुंडाळायचा, आणि सकाळी बाई सोडायला गेल्या की तिला पीळ पडायचा. बाई बडबडायच्या. तो म्हणायचा, "द्येवानं हातच उलटा दिलाय, वायरीला काय बोलता."

आज बाईंनी वर काय झालं ते सांगितलं, तर तो नुसताच हं म्हणाला. गाडी स्टँडजवळच्या चहावाल्यापाशी उभी केली. थंडी होती तरी त्यानं आपल्या बाजूची काच खाली घेतली. हल्ली ही एक खोडच लागली होती त्याला. गाडीत कोंडल्यागत होतं, म्हणायचा. दुपारची भाकरीसुद्धा आताशा लांब झाडाखाली बसून खायचा. पोटाचं पथ्य चाललंय म्हणे.

"बाई, येवढी माणसं व्हती," तो म्हणाला. "व्हतं कवा कवा. सोडून द्या."

बाईंनी सोडलं नाही. टॅब मांडीवर घेऊन तो एक्स-रे पुन्हा उघडला. पोकळी त्यांनी पाहिली होती, हाडं पाहिली होती. आता त्या दमून, काहीच न शोधता नुसत्या बघत बसल्या. आणि मग त्यांना ते दिसलं.

छातीचा एक्स-रे काढताना माणसाला प्लेटकडे तोंड करून उभं करतात. हनुवटी वर, हात कमरेवर, आणि दोन्ही कोपरं पुढे. कोपरं पुढे गेली की पाठीवरची खांद्याची चपटी हाडं बाजूला सरकतात आणि फुफ्फुसं मोकळी दिसतात. माणसं आपण होऊन कोपरं नीट पुढे नेत नाहीत. बाई प्रत्येकाच्या मागं जाऊन आपल्या हातानं ती ढकलायच्या. म्हातारा असो, नवी नवरी असो, पुढारी असो. "कोपरं पुढे, श्वास धरा," हे त्या झोपेतही म्हणत असतील. त्यांनी काढलेल्या एक्स-रेत ते चपटं हाड फुफ्फुसावर कधी आलेलं नव्हतं.

या एक्स-रेत ते आलं होतं. उजवीकडचं बाजूला होतं. डावीकडचं मात्र पसरून फुफ्फुसावर पडलं होतं, कारण डावा हात कमरेवर नव्हताच. तो हात दुसऱ्याच कामात होता.

"नरहरी," त्या म्हणाल्या, "हा एक्स-रे मी काढलेला नाही."

नरहरी स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातनं चहा पीत होता. पेला ओठाशी थांबला. "मंग कुणी काढला?"

"ज्याचा आहे त्यानंच. बटन त्याच्या डाव्या हातात होतं."

३

मशीन बाईंच्या नजरेआड एकदाच झालं होतं, जेवणाच्या वेळी. शाळेच्या एका खोलीत मशीन, दुसऱ्या खोलीत पंगत. तेव्हा मशीनच्या आसपास फिरण्याची मुभा असलेली माणसं मोजकी. गावातली आशा कार्यकर्ती आशालता. नावं टॅबमध्ये भरायला हिंजवडीच्या कंपनीतून सेवेसाठी आलेला सौरभ. नरहरीही होताच, पण तो जेवला की गाडीत आडवा व्हायचा, सूर्य उगवावा तसा नेमानं. बाईंनी त्याला धरलंच नाही.

माले गाठलं तेव्हा आशालता एका बाळंतिणीच्या घरातनं बाहेर पडत होती. बाईंनी आडून आडून विचारलं. तिला ते लगेच कळलं आणि ती दुखावली.

"व्हय ताई, मी घरोघर सांगत फिरतीया, टीबी लपवू नका, लाज धरू नका. आन मीच लपवीन? माजी लेकरं सांभाळायची का न्हाई मला? आन त्या दिवशी तुमच्या पानात ठेचा कुणी वाढला? तिकट लागला तवा पानी कुणी दिलं?"

बाईंना आठवलं. पंगत उठेपर्यंत आशालता वाढत होती. जागची हलली नव्हती. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती जराशी निवळली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यो हिंजवडीचा पोरगा न्हवता जेवाय. आन सकाळधरनं खोकत व्हता. मी कुणाचं नाव घेत न्हाई. बगा आपलं."

नथू खळ्यावर होता. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होता आणि त्याची बायको साळूबाई दाणे ओढत होती. बाईंना पाहिल्यावर त्यानं पेंढी खाली टाकली. आता तिसऱ्यांदा एक्स-रे काढायला नेतात की काय, असं त्याला वाटलं असावं. बाई त्याच्या शेजारी पेंढ्यांवर टेकल्या. बसल्यावर आपण किती दमलोय ते त्यांना कळलं.

मी उभा ऱ्हायलो व्हतो, असं नथू पुन्हा सांगत होता. खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडाकडे बघूनच ते समजत होतं. टेबलाशी नाव सांगितलं, पोरानं ते टॅबात घातलं, मग सगळी जेवायला गेली. आपल्याला मात्र म्हशी सोडायच्या होत्या म्हणून आपण दारातच थांबलो. मग आतून कुणीतरी हाक मारली. आपण सदरा काढून प्लेटीला छाती लावली. श्वास घ्या, धरा, झालं, जा. एवढंच.

"मी होते का आत?"

नथू गोंधळला. "तुमी? न्हाई. बाप्या व्हता. अंगात त्यो तुमचा मोठा जड कोट, तोंडाला फडकं. मला वाटलं डाक्टर हाय."

"आवाज कसा होता?"

साळूबाई तिकडनंच बोलली, "त्यास्नी म्हैस वराडली तरी आयकू येत न्हाई बाई. आवाज कुटला वळकत्यात."

बाईंनी एकच गोष्ट आणखी विचारली. "नथूबाबा, तुमची कोपरं कुणी पुढं ढकलली?"

"कोपरं?" नथूनं आपल्या हातांकडे पाहिलं. "कुणी बी न्हाई. कुणी हातच लावला न्हाई मला."

म्हणजे त्याला नुसतं उभं केलं होतं. बटन दाबलंच नव्हतं. एक्स-रे अंगाला लागत नाही, दिसत नाही. कुणी झालं म्हटलं की माणूस झालं समजून घरी जातो. टॅबवर नाव असल्याशिवाय मशीन चालत नाही, आणि एका शिबिरात एका नावावर एकच एक्स-रे निघतो. कुणाला तरी नथूचं नाव हवं होतं. आपली छाती पाहायला.

आणि तो कुणीतरी पुरुष होता. बाईंचाच कोट अंगात घालून उभा राहिलेला.

४

सौरभ भूगावात भाड्याच्या खोलीत राहत होता. मूळचा उदगीरचा. सुटीच्या दिवशी सकाळी बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो केस विस्कटलेला, चड्डीवरच होता आणि फार ओशाळला. चहा करतो म्हणाला, दूध नव्हतं, मग काळा चहा केला. बाईंना असली मुलं पाहिली की त्यांची कीव यायची; घरापासून इतकं लांब, एक गादी, एक खुर्ची, खिडकीत एकच भांडं.

त्या खुर्चीवर बसल्या आणि आल्या तशाच, फिरवाफिरव न करता, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मला धुळीची अॅलर्जी आहे. त्या खळ्यांच्या दिवसांत तर काही विचारू नका. पण टीबी? सिरियसली?" मग त्यालाच बाईंचं वाईट वाटलं असावं. "तुम्हाला खात्री करायची असेल तर काढा माझा एक्स-रे. आत्ता चला."

त्याची गरज नव्हती, हे बाईंना त्याच्याकडे बघताना कळत होतं. खरं तर आधीच कळायला हवं होतं. त्या एक्स-रेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या वळणावर चुन्याची बारीक रेघ होती. ती रेघ पंचविशीच्या पोराच्या छातीत येत नाही. त्यांनी पाहिली होती ती रेघ. मग इतक्या लांब का आल्या त्या? दुसऱ्या कुणाचा विचार करायचा नव्हता म्हणून?

तो जेवणाच्या वेळी कुठं होता, हे तरीही विचारलं. त्यानं सांगितलं की ऑफिसचा कॉल होता, गावात नेटवर्क नव्हतं, म्हणून देवळाच्या टेकडीवर गेला होता.

"आणि टॅब?"

"बॅटरी संपत आली होती. काकांना दिला, गाडीत चार्जिंगला लावायला." उजव्या हातानं तो चहाचा कप फिरवत होता. "आणि बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर चिडलात ना, ते अजून लक्षात आहे माझ्या. मी काहीच केलं नव्हतं."

"मी कधी चिडले?"

"जेवणानंतर. बटनाची वायर. मी खाली आलो तर ती गुंडाळून ठेवलेली. तुम्ही यायच्या आत सोडून ठेवावी म्हणून ओढली, तर सगळा पीळच पीळ. तुम्ही म्हणालात, भर दुपारी वायर कशाला गुंडाळलीस."

बाईंनी कप खाली ठेवला. वायर गुंडाळायची ती संध्याकाळी, काम आटपल्यावर. दुपारी ती प्लेटीपासून, बाई जिथं आडोशाला उभ्या राहतात त्या पडद्यापर्यंत, पसरलेलीच असते. भर दुपारी ती गुंडाळायचा एकच माणूस, ज्याचे हात काम संपलं की आपोआप वायर गुंडाळायला लागतात. कितीतरी वर्षांच्या सवयीनं. आणि तीही उलट्या अंगानं.

"सापडला का हो तो?" सौरभनं विचारलं.

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. गाडीची काच खाली होती. तोंड पार बाहेर काढून, रस्त्याच्या बाजूला, नरहरी खोकत होता.

५

पौडकडे परतताना बाई बाहेर बघत बसल्या. दोन्ही बाजूंना कापलेली भाताची खाचरं होती. घाई करून काय होणार होतं? अखेर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. नरहरीनं ती घेतली, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच चावी फिरवून इंजीन बंद केलं.

बाईंनी त्याला काही विचारलं नाही. फक्त आपल्याला काय काय दिसलं ते सांगत गेल्या, कुणा नवख्या पोरीला शिकवावं तशा. डावीकडचं हाड फुफ्फुसावर आलं, म्हणजे डाव्या हातात बटन. नथूला कुणी हात लावला नाही, म्हणजे त्याला उभं करणाऱ्यानं एक्स-रे काढलाच नव्हता. चुन्याची रेघ, म्हणजे वय झालेलं. टॅब गाडीत. दुपारी वायर गुंडाळलेली.

"उलटी," नरहरी म्हणाला.

"हो."

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. दिवाळीच्या आधी एकदा खोकल्यातनं रक्त पडलं, असं तो सांगायला लागला. वाटलं, तंबाखूचं असंल. मग पुन्हा पडलं. कंत्राटावरची नोकरी, असल्या आजाराच्या माणसाला गाडीवर कोण ठेवतंय? आधी आपल्याच डोळ्यांनी बघावं, असलं काही तर मग बघू, एवढंच मनात होतं. तो एक्स-रे आपणहून डॉक्टरीणबाईंकडे जातो, हे ठाऊक होतं. पण म्हातारा नथू बोलवल्यावर यायचा न्हाई, असं वाटलं. नथूला खोटं उभं केलं त्याचीच फार लाज वाटते.

"बघितलंत ना मग? काय दिसलं?"

"बाई, तुमच्या मागं उभा ऱ्हाऊन किती बगितल्यात तसल्या छात्या. मला काय कळत न्हाई व्हय?" त्यानं काचेबाहेर पाहिलं. "लेक बाळंतपनाला आलीया. नातवाला घेत न्हाई मी. पथ्याला हाय म्हनतो. तीबी येडी, म्हनती, पथ्यात पोरगं घ्यायचं नसतंय का?"

तेव्हा बाईंना त्या उघड्या काचा आठवल्या. वेगळा पेला. लांबच्या झाडाखाली खाल्लेली भाकरी. तालुक्यातल्या अनोळखी छात्या त्या दिवसभर वाचत होत्या, आणि शेजारच्या सीटवर बसलेला माणूस श्वाससुद्धा त्यांना लागू नये म्हणून बाहेर तोंड करून घेत होता. तो खोकला त्यांनी रोज ऐकला होता. धूळ म्हणून सोडून दिला होता.

चिडावं असं त्यांच्या मनात आलं, पण चिडायला जोर लागतो. त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी बरं होतं. तुम्ही बघितलंय किती जण बरे झालेले. गाडीचं मी सांगीन वर. ठेवतील याची खात्री नाही देत."

"म्हाईत हाय."

"आणि नातवाला तपासायला घेऊन यायचं. लेकीलाही. उद्याच."

त्यानं मान हलवली. मग चावी लावली, पण गाडी लगेच सुरू केली नाही. "आन तुमाला कोन तपासनार?" त्यानं विचारलं.

पौडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघांनी मिळून मशीन लावलं, नेहमी लावतात तसंच. बाईंनी टॅबवर त्याचं नाव घातलं, त्याचंच, पूर्ण. नरहरीनं सदरा काढला आणि प्लेटीला छाती लावली. पाठीची हाडं वर आलेली होती. बाई त्याच्या मागं गेल्या आणि दोन्ही कोपरं पुढे ढकलली. श्वास धरायला लावला. एक्स-रे निघाला. खांद्याची दोन्ही हाडं बाजूला सरकलेली, आणि उजवीकडे वर ती पोकळी, आता तिच्या धन्याच्या नावावर.

मेधांना बोलवायच्या आधी बाईंनी शिशाचा कोट उतरवून खुर्चीवर टाकला. टॅबवर आपलं नाव लिहिलं आणि जाऊन प्लेटीसमोर उभ्या राहिल्या. हनुवटी वर केली. हात कमरेवर घेतले. इतक्या वर्षांत या बाजूला त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. प्लेट गार होती.

नरहरी सदऱ्याची बटणं लावता लावता थांबला. त्यानं नाकातोंडावर फडकं घट्ट बांधलं, कोट उचलून अंगात घातला आणि मागं आला. कचरत कचरत त्यानं बाईंची कोपरं पुढे ढकलली, आणखी थोडी, जिथं त्या प्रत्येकाची नेतात तिथपर्यंत. मग वायर ओढत पडद्यामागं गेला.

"श्वास घ्या," तो म्हणाला. "धरा."

बारीकसा आवाज झाला. नरहरी टॅबवर वाकून बघत राहिला, आणि सोडा म्हणायचं विसरला. बाई तशाच श्वास धरून उभ्या होत्या.